ही थरथर कोणाची?

आमच्या थोरल्या काकूंचे कान आधी गेले, डोळे मागाहून. कान वयाने नेले आणि डोळे काचबिंदूने. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, माजघराला लागून असलेल्या खोलीत, त्यांचा पलंग असे. वय शहाऐंशी, स्मरण लख्ख, जीभ पहिल्याइतकीच तिखट, परंतु बाहेरच्या जगाने त्यांच्यापर्यंत पोचावे कसे, हा प्रश्न होता. तो घरच्या माणसांनी कोणालाही न विचारता सोडवला. सूनबाई खोलीत आल्या की काकूंच्या मनगटावर तीन बोटे टेकवीत. नातू आला की करंगळी धरी. मी गेलो की त्यांच्या कोपराखाली हात देई. लहानपणी देवदर्शनाला जाताना पायऱ्यांवर मला तेच काम असे, म्हणून ती माझी खूण ठरली. काही सांगावयाचे झाले तर तळहातावर बोटाने अक्षरे काढावयाची. 'पाऊस' हा शब्द काढून पुरा होण्याच्या आत काकू म्हणत, "कळलं, वाळवण आत घ्या."

त्यांचे धाकटे चिरंजीव परदेशी असतात. एका खेपेस त्यांनी आईसाठी मोबाइल आणला, उशाशी ठेवला आणि तिच्या तळहातावर लिहिले, 'हा थरथरला की मी.' कल्पना चांगली होती. पण ते विमानात बसले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सकाळ-संध्याकाळ थरथरू लागला. बँकेचा निरोप, औषधाच्या दुकानाची सवलत, कर्ज घ्या म्हणून आर्जव, सिलिंडर निघाल्याची वार्ता, कोणा अनोळखी गृहस्थाचे सुप्रभात! दर वेळी काकू हात पुढे करीत आणि विचारीत, "कोण आलं गं?"

त्या पुढे केलेल्या हातात सूनबाईंनी काय ठेवावे? कर्जाची जाहिरात?

तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

आपणां सर्वांच्या खिशात आज असे एक यंत्र आहे की जे आपल्याला दिवसातून अनेकदा स्पर्श करते. आपण त्याला स्पर्श म्हणत नाही, एवढेच. सभेत, देवळात, मैफलीत बसताना फोनचा आवाज बंद करावा आणि तो नुसता थरथरावा, अशी सोय म्हणून हे कंपन आले. त्यामागची करामत अगदी साधी आहे. नखाएवढी एक मोटर. तिच्या दांड्यावर एका बाजूला कललेले वजन. ते फिरले की तोल जातो आणि सारा फोन हादरतो. अलीकडच्या चांगल्या फोनांत वजन फिरत नाही, स्प्रिंगवर बसवलेले असते आणि विद्युत्‌चुंबक त्याला मागेपुढे हलवतो. त्यामुळे थरथर हवी तेवढी बारीक, हवी तेवढी तोकडी करता येते. म्हणजे साधन सुधारले. त्याचा उपयोग मात्र जिथे होता तिथेच राहिला. दारावरच्या घंटेचे काम त्याच्याकडे होते, आजही तेच आहे; आणि ही घंटा वाजवण्याची मुभा मात्र गावातल्या प्रत्येकाला आहे.

शरीर या प्रकाराला कसे सरावते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका रुग्णालयात डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांना विचारून केलेली एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्या १६९ जणांपैकी ११५ जणांनी, म्हणजे शेकडा ६८ जणांनी, सांगितले की, यंत्र थरथरले नसतानाही ते थरथरल्याचा भास आपल्याला झालेला आहे. आमच्या काकूंना हसण्याचे कारण नाही. त्या निदान खऱ्या थरथरीला हात पुढे करीत होत्या. आपण न झालेल्या थरथरीसाठी खिसा चाचपतो. कोणीतरी आपल्याला बोलावील ही अपेक्षा माणसाच्या कातडीत किती खोल बसलेली आहे, याचीच ही खूण नव्हे काय?

मराठी माणसाला तर हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्या भाषेत हात लावल्याशिवाय नाती बोलतच नाहीत. पाठीवर हात फिरवणे वेगळे, पाठ थोपटणे वेगळे आणि पाठीवर थाप मारणे वेगळे. तिन्हींत पाठ तीच आणि हात तोच, पण पहिल्यात माया, दुसऱ्यात कौतुक आणि तिसऱ्यात बरोबरी आहे. पंगतीत शेजाऱ्याने हळूच मारलेली कोपरखळी पुढे इतकी बोलकी झाली की, आज कोपराचा संबंध नसलेल्या शाब्दिक विनोदालाही आपण कोपरखळीच म्हणतो. लग्नाला पाणिग्रहण म्हणतात ते उगाच नव्हे. आणि पंढरपुरास जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, तेथे मुखदर्शनाची रांग निराळी आणि पदस्पर्शदर्शनाची निराळी. देव दोन्ही रांगांना तोच दिसतो. तरी पायांवर डोके टेकता यावे म्हणून वारकरी तासन्‌तास उभा राहतो. २०२० साली साथ आली तेव्हा हा पदस्पर्श बंद झाला आणि बराच काळ बंद राहिला. दूरचित्रवाणीवर विठ्ठल घरबसल्या दिसत असूनही माणसे हळहळत होती ती कशासाठी, हे निराळे सांगावयास नको.

तथापि स्पर्श म्हणजे केवळ गोडवा, असे समजणे भाबडेपणाचे होईल. स्पर्श नाकारूनही माणूस बोलतो, आणि फार क्रूरपणे बोलतो. त्यासाठी दूर जावे लागत नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहावयास जागा मिळेना; पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही बाहेर काढण्यात आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरूनच टाकीत. ज्या संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली त्याच संस्थानाच्या कचेरीत हे घडले. आपल्या घराण्यांतील सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो तेव्हा हे टेबल आठवावे. दुसऱ्या टोकाला नको असलेला स्पर्श आहे. गर्दीत, बसमध्ये तो सोसणाऱ्या लेकीसुनांना विचारा. या दोन्ही टोकांवरून एकच गोष्ट ध्यानात येते. स्पर्श ही भाषा खरी, परंतु कोणी कोणाला स्पर्श करावा हे ज्याला स्पर्श व्हावयाचा त्याच्या संमतीने ठरले पाहिजे. संमती असेल तर तो संवाद. नसेल तर तो अपमान किंवा उपद्रव.

आणि स्पर्शाने केवळ भावनाच सांगता येतात असेही नाही. हिशेबही सांगता येतो. गुरांच्या बाजारात दोन दलाल रुमालाखाली हातात हात घालून उभे असतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे पटेल. तोंडाने अवाक्षर नाही. रुमालाआड कोणती आणि किती बोटे धरली यावरून भाव ठरतो; तो शेकड्यात की हजारात, हे समोरच्या बैलावरून दोघांनाही कळते. भोवती पन्नास माणसे उभी असून एकालाही सौदा कळत नाही. या पद्धतीवर टीकाही पुष्कळ होते आणि ती रास्त आहे, कारण ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच कधी कधी भाव कळत नाही. परंतु आपल्यापुरता मुद्दा असा की, दोन माणसांनी आधी अर्थ ठरवून घेतला असेल तर बोटाच्या एका दाबात हजार रुपये मावतात.

हे सारे आपल्या अंगणातले. बाहेर पाहिले तर या भाषेने अंधाऱ्या कोठडीचे दार उघडल्याचीही उदाहरणे आहेत. सर्वांत प्रसिद्ध हेलन केलर यांचे. ५ एप्रिल १८८७ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, घराजवळच्या पंपाखाली या सहा वर्षांच्या अंध-बधिर मुलीचा एक हात धरून तिच्या शिक्षिकेने, ॲन सलिव्हन यांनी, दुसऱ्या हातावर बोटांच्या खुणांनी 'पाणी' हा शब्द काढला. आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला त्या क्षणी कळले. याच हेलन केलर १९५५ साली भारतातही येऊन गेल्या. त्याच सुमारास, म्हणजे १८८१ साली, जर्मन भाषेतील लेखक हिएरोनिमस लोर्म यांनी तळहाताचीच पाटी केली. तरुणपणी बहिरे झालेल्या आणि पुढे दृष्टीही गमावलेल्या या लेखकाने ठरवले की अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की एक स्वर, तर्जनीच्या टोकाला केला की दुसरा. याप्रमाणे पाच बोटांच्या टोकांवर पाच स्वर बसवले आणि व्यंजनांना हाताच्या इतर जागा व रेघा दिल्या. जर्मन भाषिक देशांतील अंध-बधिर माणसे आजही ही लिपी वापरतात. बर्लिनमधील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी तिच्यासाठी एक हातमोजा तयार केला. तळव्याच्या बाजूने लिहिलेले अक्षर दूरच्या माणसाला निरोप म्हणून जाते आणि आलेला निरोप हाताच्या पाठीवर बारीक कंपनांनी उमटतो. आमच्या काकूंच्या तळहातावर सूनबाई जे करीत होत्या, त्याचीच ही यंत्राने केलेली आवृत्ती.

कातडी किती भरभर वाचू शकते, याचाही शोध घेतला गेला आहे. फ्रँक गेल्डार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. छातीवर पाच ठिकाणी कंपने देणारी साधने, कंपनाचे तीन जोर आणि तीन लांब्या. असे मिळून ४५ संकेत. त्यांतून त्याने अक्षरे, अंक आणि नेहमीचे काही छोटे शब्द बांधले. शिकणाऱ्यांपैकी एक जण मिनिटाला ३८ शब्दांपर्यंत पोचला. हा वेग बोलण्याच्या मानाने कमी खरा, पण ती कातडी आहे, कान नव्हे, हे विसरू नये. शिवाय कातडीला लय उत्तम कळते. तबल्याचा विद्यार्थी चुकला तर गुरुजी त्याच्या गुडघ्यावर मात्रा देतात आणि हात ताळ्यावर येतो. हे या शहरातल्या संगीतप्रेमी घरांतून कोणी पाहिले नाही?

मग प्रश्न असा की, इतकी समर्थ भाषा आणि इतके सुधारलेले यंत्र एका खिशात असताना आपण तिचा उपयोग फक्त घंटेसारखा का करतो?

काही प्रयत्न झाले आहेत. १९९७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेत स्कॉट ब्रेव्ह आणि अँड्र्यू डाहली यांनी तीन-तीन रुळांची दोन साधने जोडली. एका माणसाने इकडे रूळ फिरवला की तिकडचा आपोआप फिरे, आणि तिकडच्याने धरून ठेवला तर इकडच्याला ती ओढ जाणवे. २००२ साली तेथेच अँजेला चँग आणि सहकाऱ्यांनी हातात धरण्याच्या साधनाचा एक नमुना मांडला. बोलता बोलता बोटाने दाबले की पलीकडच्याच्या हातात तेवढ्याच जोराचे कंपन. माणसांना ते दिले तेव्हा त्यांनी त्याचे काय केले, हे फार मनोरंजक आहे. कोणी बोलण्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर देण्यासाठी दाबले. कोणी समोरच्याच्या थरथरीची नक्कल करून 'ऐकतो आहे' असे सुचवले. कोणी 'आता मी बोलतो' अशी पाळी मागितली. हुंकार देणे, मान डोलावणे, हात वर करणे, हे सारे माणसांनी त्या थरथरीत आपसूक आणले. पुढे २०१५ साली ॲपल कंपनीचे मनगटी घड्याळ आले. त्यातून दुसऱ्याच्या मनगटावर टिचकी पाठवता येऊ लागली, इतकेच नव्हे, तर आपल्या हृदयाचे ठोकेही पाठवता येऊ लागले.

येथे उत्साही मंडळी एक उडी घेतात आणि तेथेच माझे त्यांच्याशी जमत नाही. त्यांचे म्हणणे असे की, आज ठोके गेले, उद्या हात जाईल, परवा मिठी जाईल. अंतर म्हणून काही उरणार नाही. मला वाटते, हे शरीरशास्त्राला धरून नाही. कंपन ओळखणारे जे सूक्ष्म अवयव त्वचेच्या खोल थरात असतात, त्यांना पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव आहे. सेकंदाला दोनशे ते तीनशे हेलकाव्यांच्या कंपनाला ते सर्वांत लवकर जागे होतात, आणि फोनची मोटर मुख्यतः त्यांच्याशीच बोलते. परंतु आईने कपाळावरून, दंडावरून सावकाश हात फिरवला की जे तंतू जागे होतात ते निराळे. ते केसाळ त्वचेत विपुल असतात, त्यांचा वेग मंद असतो, आणि सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा सावकाश चालीच्या, कोमल स्पर्शाला ते सर्वाधिक साद देतात. म्हणजे फोन कितीही थरथरला तरी तो कुरवाळण्याच्या वाटेवरून आत येत नाही. तो खबरीच्या वाटेवरून येतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाकडेही पाहावे. पडद्याआडून पुढे केलेल्या हाताला अनोळखी माणसाने स्पर्श करावयाचा आणि हात पुढे करणाऱ्याने त्यामागची भावना ओळखावयाची. मॅथ्यू हर्टेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांच्या या प्रयोगात राग, भीती, किळस, प्रेम, कृतज्ञता आणि सहानुभूती या भावना शेकडा ४८ ते ८३ वेळा बरोबर ओळखल्या गेल्या. न पाहता, न बोलता, अनोळखी हाताने! पण ते काम जिवंत हाताने केले. दाब, ऊब, वेग, थबकणे, हे सारे त्याच्याजवळ होते. फोनजवळ त्यांतले फारच थोडे आहे. शिवाय हाताने हात धरला तर दोघांनाही कळते. फोनने मी तुम्हाला टिचकी मारली तर माझ्या बोटाला लागते ती नुसती काच.

म्हणून यंत्राकडून हाताची नक्कल मागू नये. त्याच्याकडून मागावयाची ती खूण. रुमालाखालचा बोटाचा दाब ही माया नव्हे. ती दोघांनी ठरवलेली खूण आहे आणि म्हणूनच ती पक्की आहे. वाड्याच्या कडीचा विशिष्ट आवाज हा मुलाचा आवाज नव्हे; पण तो ऐकून आई उठते. कंपनाला तेवढे साधले तरी पुष्कळ झाले.

हे साधते, याचा पुरावा आपल्याच लोकांनी दिलेला आहे. २००३ साली मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत हे सर्वांच्या ध्यानात आले. तेव्हा गरीब-श्रीमंत साऱ्यांनी मिळून 'मिस्ड कॉल' नावाची एक भाषा उभी केली. एकदा वाजवून बंद केला म्हणजे सुखरूप पोचलो. दोनदा वाजवला म्हणजे खाली उभा आहे, उतर. तीनदा म्हणजे काम झाले नाही, तूच फोन कर. ही भाषा कोणत्या कंपनीने शिकवली नाही, कोणत्या पाठ्यपुस्तकात आली नाही, आणि घरोघरी तिचे व्याकरण वेगळे होते. एका घरातला अर्थ दुसऱ्या घरात लागू नव्हता, आणि त्यातच तिची गोडी होती. ज्या समाजाने नुसत्या वाजण्या-थांबण्यातून एवढे उभे केले, त्याला थरथरीचे वावडे असण्याचे कारण नाही.

आमच्या घरी शेवटी हेच झाले. नातवाने फोन हातात घेतला, सर्वांच्या निरोपांची थरथर बंद केली आणि एकट्या काकांच्या नंबराला, म्हणजे काकूंच्या धाकट्या चिरंजीवांच्या नंबराला, वेगळी थरथर लावली. आयफोनमध्ये ही सोय २०११ सालापासून आहे. पडद्यावर बोटाने ठोके दिले की तोच ताल त्या माणसाच्या नावावर नोंदला जातो. इतर काही फोनांतही कमीअधिक प्रमाणात ती आहे. ताल कोणता द्यावा हे सूनबाईंनी सांगितले. धाकटे चिरंजीव लहानपणी कमाटीबागेतून खेळून उशिरा आले की दिंडी दरवाज्याची कडी दोनदा सावकाश आणि एकदा झटक्यात वाजवीत. तोच ठेका बसवला. काकूंच्या तळहातावर कोणी काही लिहिले नाही. पहिल्या रात्री साडेनऊला फोन थरथरला, काकूंनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आला का? मग इतका उशीर का केलास?"

बोलणे शक्यच नव्हते. तेव्हा ठरले ते असे की, काकूंनी कडेची कळ दोनदा दाबून फोन कापावयाचा. तिकडे कॉल कापला गेला म्हणजे आई जागी आहे, बरी आहे. एवढाच संवाद, दररोज, दीड वर्ष. काकू गेल्या त्यालाही आता वर्ष होऊन गेले. मात्र त्या दीड वर्षात "कोण आलं गं?" हा प्रश्न त्यांनी फोनसाठी पुन्हा विचारला नाही.

यावर कोणी म्हणेल, ही एका घरची गोष्ट झाली. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या आपल्या जुन्या घरांकडे पाहा. वाडे मोठे, माणसे दोन. मुले पुण्यास, बंगळुरास, नाहीतर समुद्रापलीकडे. ज्यांना ऐकू येते त्यांनाही रोज काय बोलावे हा प्रश्न पडतो. 'जेवलास का'च्या पुढे गाडी जात नाही, आणि न बोलावे तर चुटपुट लागते. अशा ठिकाणी शब्दावाचून 'आहे' एवढेच सांगणारी एक खूण फार उपयोगाची आहे. तिला उत्तर लिहावे लागत नाही, चष्मा शोधावा लागत नाही, आणि नातसून गुजराती असली तरी तिचे भाषांतर करावे लागत नाही.

माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. पहिली गोष्ट घराची. घरातल्या वडील माणसाच्या फोनची थरथर कोणाकोणाला मोकळी आहे, हे एकदा बसून ठरवा. बँकेला आणि दुकानदाराला ती मोकळी असण्याचे काहीही कारण नाही. त्यांचे निरोप सावकाश वाचता येतात. आपल्या घरात चपला काढून कोणी यावे आणि कोणी ओट्यावरूनच बोलून जावे, हे आपण ठरवतोच ना? मग अंगाला लागणाऱ्या यंत्राबाबत एवढी ढिलाई का?

दुसरी गोष्ट यंत्र करणाऱ्यांची. एकेका माणसाला स्वतःचा ताल देण्याची सोय आज मिळाली तरी ती आडबाजूच्या कपाटात ठेवल्यासारखी आहे. आमच्या घरी ती शोधावयास कॉलेजात जाणारा मुलगा लागला. ती पहिल्या पानावर आणावी. तयार मिठ्या आणि तयार चुंबने विकण्याच्या भरीला न पडता, माणसांना आपल्या खुणा आपणच घडवू द्याव्यात, आणि खूण पोचली एवढे पाठवणाऱ्याच्या हातालाही कळू द्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्यासाठी जी सोय आहे ती अंध-बधिरांसाठी जगाशी असलेला एकुलता एक दुवा आहे. आपल्याकडे त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची संस्था १९७७ सालापासून आहे आणि आपल्या शेजारी अहमदाबादेत सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था १९९७ सालापासून आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अंध-बधिरत्वाची दखल घेतलेली आहे. परंतु मराठी किंवा गुजराती अक्षरे कातडीवर उमटवणारे, सामान्य घराला परवडणारे, हातात मावणारे साधन दुकानात जाऊन मागावे तर मिळत नाही. आपल्या शहरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीचे शिक्षण आहे, ललितकलांचे शिक्षण आहे. जर्मन स्वर पाच बोटांवर बसले. आपली बाराखडी तळहातावर कशी बसेल, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला का सुचू नये? त्याच्या प्रयोगाला लागणारी पहिली माणसे आपल्याच घरांत, खिडकीशी बसलेली आहेत.

एक भीती बोलून दाखवली पाहिजे. खूण सोपी झाली की भेट टळते. रात्री साडेनऊची थरथर पाठवली म्हणजे कर्तव्य झाले, अशी सवय मुलांना लागेल, हे अगदीच खोटे नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंनाही मी ते तोंडावर म्हणालो होतो. ते म्हणाले, "पूर्वी मी दोन वर्षांनी येत होतो. रोज ती फोन कापते तेव्हा तिचं बोट कळीवर आहे हे मला कळतं, आणि मग राहवत नाही." त्या दीड वर्षात ते तीनदा येऊन गेले. सर्वांचे असे होईल असे मी म्हणत नाही. पत्राने भेट टळली म्हणणारे पूर्वीही होते आणि पत्राने ओढ लागून गाडी धरणारेही होते. यंत्र बदलले म्हणून माणसाचा हा स्वभाव बदललेला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कोणी वडील माणूस असेल, त्यांनी आज रात्री दोन कामे करावीत. त्यांच्या फोनवरची परक्यांची थरथर बंद करावी, आणि घरातल्या प्रत्येकाची एक-एक खूण ठरवावी. खूण काय असावी हे त्यांनाच विचारावे. तुमची लहानपणीची कडी त्यांना तुमच्यापेक्षा चांगली आठवत असेल.